देवळाची वही कुणी तपासायची?

मागच्या अंकात देवस्थानांच्या जमाखर्चाबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर या महिन्यात इतकी पत्रे आली की निवडताना दोन संध्याकाळी गेल्या. बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न आहे: देव आमचा, पैसा आमचा, मग मध्ये सरकार कुठून आले?

धर्मादाय सहआयुक्तांच्या नाशिक कार्यालयाच्या पायऱ्या मी 31 वर्षे चढते आहे. पण या विषयाशी माझी ओळख त्याआधीची, पंचवटीतल्या आमच्या वाड्यातली. शेजारी एक लहानसे राममंदिर होते आणि त्याची रोजकीर्द माझे वडील लिहीत. शेजारती झाली की दानपेटी उघडायची, तीही तिघे हजर असतील तरच. एकाने मोजायचे, दुसऱ्याने पुन्हा मोजायचे आणि वडिलांनी लाल बासनातल्या वहीत लिहायचे, ‘जमा, श्री’. खात्यावर पुजाऱ्याचे नाव नसे, वाड्याच्या मालकांचेही नसे. मी विचारले, “देव कधी हिशेब मागतो का?” वडील म्हणाले, “तो मागत नाही, म्हणून तर आपण लिहायचा.” कॉलेजात कायदा शिकताना मला कळले की त्या दोन अक्षरांमागे एक अख्खा खटला आहे. त्याबद्दल पुढे येईलच. आता पत्रांकडे वळते.

प्रश्न: आमच्या गावात मारुतीचे जुने मंदिर आहे. गावाने वर्गणी काढून जीर्णोद्धार केला, सभामंडप बांधला. आता तरुण मंडळी म्हणतात, ट्रस्ट नोंदवा. वडीलधाऱ्यांना भीती वाटते की नोंदणी केली की मंदिर सरकारजमा होईल. वकीलताई, खरे काय? (एक वाचक, निफाड तालुका)

उत्तर: आधी भीती काढून टाकू. नोंदणीने मंदिर सरकारचे होत नाही. जन्मनोंद केली म्हणून मूल नगरपालिकेचे होत नाही, तसेच हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 मधला आहे. जुन्या मंडळींना तो ‘मुंबई’ या नावाने आठवत असेल. नोंदणी झाली की धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत मंदिराचे एक पान उघडते. मंदिराचे नाव, विश्वस्त कोण, जागा किती, दागिने कोणते आणि पुढचे विश्वस्त कसे निवडायचे, हे सगळे त्या पानावर येते. आमच्याकडे त्याला ‘पीटीआर’ किंवा ‘शेड्यूल वनचा उतारा’ म्हणतात. सातबारा जसा जमिनीचा, तसा हा देवस्थानचा.

नोंदवायचे की नाही हे गावाच्या मर्जीवर आहे, असे मात्र समजू नका. मंदिर सार्वजनिक आहे की खासगी, हे नोंदणीवरून ठरत नाही, ते वापरावरून ठरते. लोक तिथे हक्काने येतात की कुणाच्या परवानगीने? वर्गणी गावाने दिली की एका घराने? उत्सव कोण करते? सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या निकालात सांगितले की देवस्थानचे खरे लाभार्थी तिथे पूजा करणारे भक्त असतात आणि हे भक्त ठरावीक घरातले आहेत की सारा समाज आहे, यावरून मंदिर खासगी की सार्वजनिक ते ठरते. तुमचा मारुती गावाचा आहे, म्हणजे संस्था सार्वजनिक आहे आणि नोंदणीसाठी अर्ज करणे हे विश्वस्तांचे कायदेशीर कर्तव्य आहे.

आता ‘देवाच्या दारात सरकार कशाला?’ या प्रश्नाकडे येते. राज्यघटनेच्या 26 व्या अनुच्छेदात ही सीमारेषा आखलेली आहे. त्यातले एक उपकलम म्हणते की धार्मिक बाबींतला आपला कारभार प्रत्येक पंथ स्वतः पाहील. दुसरे उपकलम मालमत्तेचे. तिचा कारभारही पंथानेच पाहायचा आहे, पण ‘कायद्यानुसार’. हा एक शब्द पहिल्या उपकलमात नाही, दुसऱ्यात आहे, आणि माझी सारी वकिली त्या फरकावर उभी आहे. आरती किती वाजता करायची, शेंदूर कुणी लावायचा, नैवेद्य कशाचा, हे विचारण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना नाही. दानपेटीत किती आले आणि ते कुठे गेले, हे विचारण्याचा आहे.

ही रेषा आपल्याच कायद्यावरच्या खटल्यात पक्की झाली. हा कायदा नवा असतानाच त्याला न्यायालयात आव्हान मिळाले. आव्हान देणारे होते एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी आणि त्यांच्यासोबत मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त. मार्च 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नोंदणी, हिशेब, तपासणी, लेखापरीक्षण या तरतुदी टिकल्या. पण धर्मादाय आयुक्तांना धार्मिक संस्थेचा विश्वस्त म्हणून बसवता येईल, ही तरतूद न्यायालयाने रद्द केली. मठाच्या गादीवर सरकारी अधिकारी कसा बसणार? देवासाठी दिलेला पैसा मूळ हेतू पार पाडणे शक्य असतानाही ‘सोयीचे नाही’ म्हणून दुसऱ्या कामाकडे वळवण्याची वाटही बंद केली. तुमच्या गावातल्या वडीलधाऱ्यांना हा निकाल जरूर सांगा. त्यांना ज्याची भीती वाटते ते 1954 मध्येच अडवले गेले आहे.

नोंदणी नसेल तर काय होते, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका गावातले लोक माझ्याकडे आले होते. देवळामागची पाच गुंठे मोकळी जागा शेजाऱ्याने तारेचे कुंपण घालून आत घेतली होती. गाव चिडले होते आणि साक्षीदार हवे तितके मिळत होते. पण कायद्याचे कलम 31 सांगते की नोंदणी न झालेल्या सार्वजनिक संस्थेच्या वतीने तिचा हक्क बजावण्यासाठी आणलेला दावा न्यायालय ऐकणारच नाही. आधी नोंदणीचा अर्ज, त्यावर चौकशी, हरकती. ते सारे होईपर्यंत तारेच्या जागी पक्की भिंत उभी राहिली. वरातीमागून घोडे म्हणतात ते असे. त्या दिवशी एका आजोबांनी मला विचारले होते, “मारुतीची बाजू मांडायला मारुतीचा कागद लागतो का?” लागतो, आजोबा. तेव्हाही माझ्याकडे दुसरे उत्तर नव्हते, आजही नाही.

अर्ज करताना एका गोष्टीवर वेळ घालवा: पुढचे विश्वस्त कसे येतील. ग्रामसभेतून निवडणार, किती वर्षांसाठी, कुणाचा मृत्यू झाला तर रिकामी जागा कशी भरणार, हे नीट लिहून काढा. माझ्याकडे येणाऱ्या देवस्थानांच्या भांडणांपैकी बहुतेकांचे मूळ या एका न लिहिलेल्या परिच्छेदात असते. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत ‘चेंज रिपोर्ट’ द्यावा लागतो आणि तो कुणी देत नाही. पीटीआरवर पाच नावे असतात, पाचही जण वारलेले असतात आणि गावात दोन गट आम्हीच विश्वस्त म्हणून भांडत असतात. अशा वेळी बँक खाते गोठवते आणि यात्रेच्या आदल्या दिवशी मंडपवाल्याला द्यायला पैसे नसतात. बाकी पावतीपुस्तक छापा, खाते किमान दोघांच्या सहीचे ठेवा आणि दानपेटी तिघांसमोर उघडा.

प्रश्न: आम्ही पिढीजात गुरव. देवीच्या नावची तीन एकर इनाम जमीन आजोबांपासून आमच्या वहिवाटीत आहे, द्राक्षबाग लावली आहे. आता रस्ता रुंद झाला, भाव आला. भाऊ म्हणतात, विकून वाटणी करू. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव आहे. विकता येईल का? (एक वाचक, दिंडोरी)

उत्तर: दादा, नाही. भावांनाही हेच वाचून दाखवा.

सातबारा पुन्हा नीट पाहा. त्यावर ‘देवस्थान इनाम वर्ग 3’ असे असेल आणि वडिलांच्या नावामागे ‘वहिवाटदार’ किंवा ‘पुजारी’ असा शब्द असेल. मालक देवी आहे. कायद्याच्या नजरेत प्रतिष्ठापना झालेली मूर्ती ही व्यक्ती आहे, तिला मालमत्ता धारण करता येते आणि न्यायालयात जाता येते. तिचे हात म्हणजे वहिवाटदार आणि विश्वस्त. अज्ञान मुलाच्या मालमत्तेची राखण पालकाने करावी तशी राखण त्यांनी करायची असते. जमीन तुमच्या घराला मिळाली ती सेवेच्या मोबदल्यात. दिवाबत्ती करा, पूजा करा आणि उत्पन्नावर घर चालवा. सप्टेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांच्या प्रकरणात हेच पुन्हा सांगितले: जमिनीचा मालक देव, पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा, आणि मालकाच्या रकान्यात पुजाऱ्याचे नाव असण्याची गरज नाही.

‘जमा, श्री’मागचा खटला म्हणाले होते, तो इथे सांगते. गुजरातेतल्या डाकोरच्या रणछोडरायाच्या मंदिरात सेवक म्हणत की देवापुढे पडलेला पैसा आमचा, त्याचा हिशेब आम्ही कुणाला देणे लागत नाही. 1887 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की तो पैसा देवाच्या संस्थेचा आहे आणि जे तो हाताळतात ते त्याचे विश्वस्त आहेत. त्यांना हिशेब द्यावाच लागेल. धर्मादाय कायदा यायच्या 63 वर्षे आधी हा निकाल लागला. विशेष म्हणजे ही मागणी कुण्या सरकारी अधिकाऱ्याने केलेली नव्हती, भक्तांनी केली होती.

विक्रीचा मार्ग अगदीच बंद आहे असे नाही. कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी घेऊन सार्वजनिक संस्थेची जमीन विकता येते. शेतजमीन 10 वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरीही ही मंजुरी लागते. इनाम जमिनीला महसूल खात्याच्या अटी वेगळ्या. पण मंजुरी मिळते ती संस्थेच्या हितासाठी आणि आलेला पैसा जातो देवीच्या खात्यात, त्यामुळे त्यात भावांच्या वाटणीचा प्रश्नच येत नाही. मंजुरीशिवाय केलेले खरेदीखत कायद्याने टिकत नाही. साठेखतापोटी हातात आलेली रक्कम खर्च होऊन जाते आणि पुढची दहा वर्षे खरेदीदार तुमच्या दारात उभा राहतो. अशी दोन घरे मी उद्ध्वस्त होताना पाहिली आहेत.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: “आजोबांनी पहाटे चारला देवीला स्नान घातले, एक दिवस चुकवला नाही.” त्या सेवेचा मान आणि त्यावर मिळणारे उत्पन्न हा तुमचा हक्क आहे. विश्वस्तांनी विनाकारण तुम्हाला काढायचे म्हटले तर त्याविरुद्ध उभे राहता येते आणि मी स्वतः उभी राहीन. जमीन विकायला मात्र माझी मदत मागू नका.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. सरकार फक्त हिंदूंच्या मंदिरांत हात घालते, इतरांना हात लावत नाही. हे धर्मनिरपेक्षतेत कसे बसते? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर: सर, तुमच्या म्हणण्याचे दोन भाग करते. त्यातला एक बरोबर नाही आणि दुसऱ्यात तथ्य आहे.

जो कायदा नोंदणी, हिशेब आणि जमीनविक्री यांबद्दल आहे तो सगळ्यांना लागू आहे. ‘सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था’ची व्याख्या करतानाच 1950 च्या कायद्याने मंदिर, मठ, वक्फ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी अशी नावे घेतली आहेत. 1954 चा जो खटला वर सांगितला तो जैन आणि पारशी विश्वस्तांनी आणला, कारण कायदा त्यांनाही लागला होता. माझ्या कपाटात आज शरणपूर रोड भागातल्या एका ख्रिस्ती संस्थेची आणि जुन्या नाशकातल्या एका मुस्लिम जमातीची फाईल शेजारी शेजारी आहेत, आणि दोघांनाही मी तीच दटावणी दिली आहे: चेंज रिपोर्ट द्या. वक्फांसाठी वेगळा कायदा आणि सरकारने नेमलेले राज्य वक्फ मंडळ आहे. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारासाठी 1956 चा स्वतंत्र कायदा आहे.

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथे: एखादे देवस्थान उचलून त्यासाठी खास कायदा करायचा आणि व्यवस्थापन समिती सरकारने नेमायची, असे महाराष्ट्रात घडले ते प्रामुख्याने मोठ्या हिंदू देवस्थानांच्या बाबतीत. पंढरपूर 1973, प्रभादेवीचा सिद्धिविनायक 1980, शिंगणापूर 2018. शिर्डीसाठी 2004 चा कायदा आहे, पण साईबाबांना कुठल्या एका धर्मात बसवायला मी धजणार नाही.

हे का झाले, ते मात्र विसरू नये. पंढरपुरात बडवे-उत्पातांकडे पूजेचे आणि उत्पन्नाचे वंशपरंपरागत हक्क होते, वारकऱ्याला विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकवण्यासाठी जे सोसावे लागे त्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत होत्या. नाडकर्णी आयोग बसला, त्यावरून कायदा झाला, पण कोर्टकज्ज्यांत तो प्रत्यक्ष लागू व्हायला 1985 उजाडले आणि शेवटचा निकाल लागायला जानेवारी 2014. माझी आत्या आळंदीच्या दिंडीत 22 वर्षे चालली. निकालाच्या दिवशी तिने फोन करून विचारले, “आता ढकलणार नाहीत ना गं?” म्हणून मी ‘सरकारने हात घातला’ एवढेच म्हणून थांबू शकत नाही.

पण त्याच जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा दुसरा निकाल आला, चिदंबरमच्या नटराज मंदिराचा. त्यात म्हटले आहे की गैरव्यवस्थेसाठी सरकारने कारभार हाती घेतला तरी तो कायमचा असू शकत नाही. घडी बसली की परत द्यायला हवा. माझे मत या निकालाच्या बाजूचे आहे. खास कायद्याने नेमलेल्या समित्यांत पुढे काय होते ते आपण पाहतो: सत्ता बदलली की विश्वस्त बदलतात. शिर्डीला सरकारने नेमलेले विश्वस्त मंडळ 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला बरखास्त करावे लागले. बडव्यांकडून काढून घ्यायचे आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांना द्यायचे, हा भक्ताला मिळालेला न्याय नाही.

आपल्या जिल्ह्यात एक तिसरी रीत आहे, तिच्याबद्दल बाहेर फारसे कुणाला माहीत नसते. त्र्यंबकेश्वर आणि वणीची सप्तशृंगी या दोन्ही विश्वस्त मंडळांच्या अध्यक्षपदी जिल्हा न्यायालयातील न्यायाधीश असतात. मंत्र्याची नेमणूक नाही आणि एका घराण्याची मक्तेदारीही नाही. या रीतीतही उणिवा आहेत. न्यायाधीशांची बदली होते, त्यांच्यामागे कोर्टाचे काम असते आणि गडावरच्या पायऱ्यांची दुरुस्ती त्यांच्या सहीसाठी थांबते. तरीही मला निवडायला सांगितले तर मी हीच निवडीन.

प्रश्न: आमच्या दर्ग्याची नोंद धर्मादाय कार्यालयात ‘बी’ नंबराने, म्हणजे मुस्लिम संस्थांच्या वर्गात आहे. कुणी म्हणते वक्फ मंडळाकडे जा, कुणी म्हणते इथेच राहा. (एक वाचक, जुने नाशिक)

उत्तर: भाईसाहेब, आधी मूळ दस्त शोधा. मालमत्ता अल्लाच्या नावे कायमची अर्पण केलेली असेल तर ती वक्फ, आणि मग 1995 चा वक्फ कायदा व राज्य मंडळ. मुस्लिमांनी चालवलेली प्रत्येक सार्वजनिक संस्था वक्फ नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात स्पष्ट केले आहे. 2025 च्या दुरुस्तीने बरेच बदल केले, त्यातल्या काही तरतुदींना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. त्यामुळे ऐकीव माहितीवर अर्ज करू नका. दस्त, जुना पीटीआर उतारा आणि सिटी सर्व्हेचा उतारा घेऊन जाणत्या वकिलाला भेटा. हिशेब दोन्हीकडे द्यावाच लागतो, हे मनात पक्के असू द्या.

प्रश्न: 2027 च्या सिंहस्थावर सरकार एवढा खर्च करते आहे. कर माझाही आहे. निधर्मी राज्याने एका धर्माच्या मेळ्यावर पैसा खर्च करणे घटनेला धरून आहे का? (एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

उत्तर: बाळ, तू विचारलेस ते बरे केलेस. घटनेचा 27 वा अनुच्छेद म्हणतो की ज्याचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीच राखून ठेवले आहे असा कर भरायची सक्ती कुणावर करता येणार नाही. 2011 मध्ये हज अनुदानाविरुद्धच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदाचा अर्थ लावला: एकूण करातला मोठा हिस्सा एका धर्मासाठी वापरला तर भंग होईल, तुलनेने किरकोळ खर्चाने होत नाही. हज अनुदान पुढे बंद झाले, पण अर्थ तोच राहिला.

मी मात्र या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहते. 27 ऑगस्ट 2003 ला पंचवटीत सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि 39 माणसे गेली. आमचे घर तिथून चालत काही मिनिटांवर. संध्याकाळी रस्त्यावर चपलांचे ढीग होते, त्यात लहान मुलांच्या चपला होत्या. त्या उताराला रुंद वाट असती, गर्दी वळवायला माणूस असता तर? लाखो माणसे एका तिथीला एका घाटावर येणारच असतील तर रस्ता, पाणी, शौचालय, दवाखाना, पोलीस हे सारे सरकारचेच काम आहे, मेळा कुठल्याही धर्माचा असो. घटनेने धर्मस्वातंत्र्य दिले तेही ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य’ यांच्या अधीन ठेवून. म्हणून प्रत्येक खर्चाला एक प्रश्न विचार: हे माणसांच्या जिवासाठी आहे की कुण्या आखाड्याच्या थाटासाठी? पहिल्यासाठी कर हसत भर. दुसऱ्यासाठी असेल तर माहितीचा अधिकार वापरून निविदा माग.

प्रश्न: कॉलनीच्या ओपन स्पेसवर आम्ही दत्तमंदिर बांधले आहे. महापालिकेची नोटीस आली. ट्रस्ट नोंदवला तर वाचेल का? (एक वाचक, सिडको)

उत्तर: नाही. ट्रस्टची नोंदणी म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. सार्वजनिक रस्ते, बागा, मोकळ्या जागा यांवर कुठल्याही धर्माचे नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आहे. त्याआधीच्या बांधकामांची प्रत्येकी तपासणी होऊन नियमित करायचे, हलवायचे की काढायचे ते ठरते. तुमचे बांधकाम त्याआधीचे असेल तर वीजबिल, जुने फोटो, वर्गणीच्या पावत्या घेऊन सुनावणीला जा. नंतरचे असेल तर मूर्ती सन्मानाने हलवण्यासाठी मुदत मागा. ती मिळू शकते.

प्रश्न: आमच्या गावातल्या देवळात आम्हा बौद्धवाड्यातल्या आणि मातंग वस्तीतल्या लोकांना दर्शनाला कुणी अडवत नाही. पण यात्रेची पालखी सगळ्या गावातून फिरते आणि आमच्या वेशीवरून वळते. मातंग वस्तीतल्या दोघांनी ट्रस्टचे सभासद होऊ म्हटले तर “जागा नाही” सांगितले. मी मातंग वस्तीतली. कायदा काही म्हणतो का? (एक वाचक भगिनी, सिन्नर तालुका)

उत्तर: ताई, तुमचे पत्र मी सगळ्यांत शेवटी ठेवले, कारण ते वाचून मला दोन दिवस दुसरे काही लिहिता आले नाही.

हा प्रश्न या जिल्ह्याने फार आधी विचारला आहे. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व बाबासाहेबांचे, आणि इथे पाय रोवून उभे होते दादासाहेब गायकवाड. त्या वेळी मंदिराची दारे बंद ठेवण्यात आली होती. 9 एप्रिलला, रामाच्या रथाच्या दिवशी, रथ ओढायला दोन्हीकडची माणसे हात लावतील असे ठरले होते. ते पाळले गेले नाही, दगडफेक झाली. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला आणि दार उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. माझ्या लहानपणी वडील रथाच्या दिवशी आम्हाला दोरीला हात लावायला न्यायचे आणि दर वर्षी ही हकिकत सांगायचे. म्हणून तुमच्या पत्रातला ‘वेशीवरून वळते’ हा शब्द मला इतका लागला.

आता कायदा. प्रवेशाचा कायदा आधी 1947 मध्ये झाला आणि नंतर 1956 मध्ये अधिक व्यापक झाला. सार्वजनिक हिंदू पूजास्थानात प्रवेश आणि पूजा यांत कुठल्याही वर्गाला अडवणे हा गुन्हा आहे. एप्रिल 2016 मध्ये शनिशिंगणापूरला स्त्रियांना अडवण्याविरुद्ध उच्च न्यायालयात उभा राहिला तो हाच कायदा. मिरवणुकीचे बोलायचे तर 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, दोन्हींत धार्मिक मिरवणुकीत भाग घेण्यापासून रोखणे हा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. पालखी मुद्दाम वळवणे हे ‘रोखणे’ ठरते का, हा पुराव्याचा प्रश्न आहे. म्हणून ट्रस्टकडे मार्ग बदलण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यांनी नकार दिला तर तो कागदावर येऊ द्या.

सभासदत्वाचा रस्ता धर्मादाय कार्यालयातून जातो. कायद्यात ‘हितसंबंधी व्यक्ती’ असा शब्द आहे. मंदिराच्या बाबतीत त्याचा अर्थ, जिला तिथे पूजेला हजर राहण्याचा हक्क आहे किंवा जी नेहमी जाते अशी व्यक्ती. तुम्ही दर शनिवारी जाता असे लिहिले आहे. म्हणजे विश्वस्तांविरुद्ध तक्रार करण्याचा, हिशेबाची पाहणी मागण्याचा आणि कारभारासाठी योजना करून मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. योजनेत विश्वस्त कोणत्या वस्तीतून, किती, कसे निवडायचे ते नव्याने लिहिता येते. एकटीने जाऊ नका. किमान दोघांनी, शक्य असेल तर दोन्ही वस्त्यांनी मिळून अर्ज करा.

पहिले काम हे: धर्मादाय कार्यालयात देवळाच्या पीटीआर उताऱ्याच्या नकलेसाठी अर्ज द्या. त्यात विश्वस्त निवडण्याची रीत लिहिलेली असेल. जुन्या गावदेवळांच्या उताऱ्यांत बहुतेक वेळा ‘गावातील समस्त हिंदू लोक’ असे शब्द सापडतात. तुमच्या उताऱ्यातही ते निघाले तर “जागा नाही” या उत्तराला आधार उरत नाही. नक्कल हातात आली की संपादकांच्या पत्त्यावर मला पाठवा, अर्जाचा मसुदा मी लिहून देते. यात्रा चैत्रात आहे म्हणता, म्हणजे आपल्या हातात साडेचार महिने आहेत.